नवी पाटी, मोफत रंग

रांगोळी काढायला बसली की सगळ्यांनी बघत राहावं अशी एक तरी मुलगी प्रत्येक गल्लीत असतेच. वहीच्या मागच्या पानावर मोर काढणारी, लग्नघरी मेंदीसाठी हमखास बोलावणं येणारी. ‘छान काढतेस गं’ म्हणून आपण मोकळ्या होतो. या हातातून चार पैसे मिळवायचे म्हटलं, की मात्र महागडा संगणक आणि महागडं सॉफ्टवेअर आडवं येतं. त्यावर आता चांगला मार्ग आहे.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत चित्रांना गिऱ्हाईक नाही असं थोडंच आहे? दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडशाच्या नाटक कंपन्यांची पोस्टरं गावोगाव झळकतात. लग्नपत्रिका, बचत गटाच्या पापड-लोणच्यांची लेबलं, दुकानांच्या पाट्या आहेतच. ही कामं आता संगणकावरच होतात.

संगणकावर हातानं चित्र काढायचं तर माउस कामाचा नाही. त्यासाठी ड्रॉइंग टॅब्लेट मिळतो. दिसायला आपली शाळेतली पाटीच, फक्त वायरनं संगणकाला जोडलेली. तिच्यावर खास पेनानं रेघ ओढली की ती पडद्यावर उमटते. पेन दाबलं की रेघ जाड, हलकं फिरवलं की बारीक. वाकॉमच्या पेनाला तर बॅटरीही लागत नाही. पाटीखालच्या तारांच्या जाळ्यातून चुंबकीय लहरी निघतात, पेनाला त्यांतूनच शक्ती मिळते. साधी छोटी पाटी साधारण तीन-चार हजारांत येते.

आता संगणकाचं बघू. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून कितीतरी घरांतले संगणक ‘जुने’ ठरले. ते भंगारात काढू नका. त्यांच्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही मोफत प्रणाली चालू शकते. ४ जीबी मेमरी असेल तर लहान चित्रं निघतात, ८ असेल तर काम आणखी सोपं.

चित्रासाठी क्रिटा हे सॉफ्टवेअर आहे. स्वीडिश भाषेत क्रिटा म्हणजे खडू. पाटीला शोभेलसंच नाव, नाही का? फोटोशॉपचं नवं रूप २०१३ पासून भाड्यानंच मिळतं, क्रिटाला एक पैसाही लागत नाही. म्हणून ते कच्चं समजू नका. डेव्हिड रेव्हॉय हा फ्रेंच चित्रकार २०१४ पासून ‘पेपर अँड कॅरट’ ही चित्रकथा क्रिटातच रंगवतो आहे.

अशा सॉफ्टवेअरला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. ते विरजणासारखं असतं. शेजारणीला वाटीभर दिलं म्हणून आपलं दही कमी होत नाही. भामरागड-एटापल्लीकडे जिथे नेटचे हाल आहेत, तिथे चंद्रपुरातून पेनड्राइव्हवर नेऊन द्या. यात चोरी नाही आणि चोरट्या कॉपीबरोबर येणारे व्हायरसही नाहीत.

पाटी घेताना मात्र घाई नको. वाकॉमच्या बहुतेक पाट्या लिनक्स आपणहून ओळखतं. ह्युऑन आणि एक्सपी-पेन यांच्या बऱ्याच पाट्यांसाठी कंपनीच्या साइटवरून लिनक्सचा ड्रायव्हर घ्यावा लागतो. तेव्हा मॉडेलचा नंबर बघा आणि ‘लिनक्सवर चालतं का?’ हे आधी विचारा. मिंट पेनड्राइव्हवरूनही सुरू होतं, संगणकातलं काही न पुसता. तसं सुरू करून पाटी जोडा. रेघ उमटते का, दाबानं जाड होते का, ते बघा. मग पक्कं बसवायचं ठरवलंत, तर घरचे फोटो आधी दुसरीकडे उतरवून ठेवा, बरं का!

सुरुवातीला हात टेबलावर आणि नजर पडद्यावर, त्यामुळे रेघ वाकडी जाईल. रोज अर्धा तास दिलात की काही दिवसांत हात बसतो. पत्रिकेवरची अक्षरं इंकस्केपमध्ये जुळवा, तेही मोफतच. मुंबईच्या एक टाइपनं केलेले मुक्ता आणि बालू हे देवनागरी फाँटही फुकट वापरता येतात. फ्लेक्सवाला कोरलड्रॉची फाइल मागेल. त्याला ‘पीडीएफ चालेल का?’ असं विचारा. बहुतेक ठिकाणी चालते.

एकच अडचण उरते, ती घरातल्या वेळेची. संगणकावर भावाचा गेम किंवा बाबांचं काम आधी, पोरीची पाळी शेवटी. संध्याकाळचा एक तास तो तिच्या नावावर करून द्या. स्वयंपाकघरातून हाक मारणंही तेवढा वेळ थांबवा. पहिल्या लेबलाचे पैसे ती हातात आणून ठेवेल, तेव्हा त्या तासाचं मोल कुणाला सांगावं लागणार नाही.