नाचणी आहेच, आता उठाबशाही हव्यात

जव्हार-मोखाड्यात म्हाताऱ्यांना व्यायाम सांगायचा म्हणजे धाडसच. आयुष्यभर आवणी केली, डोक्यावरून मोळ्या आणल्या, तारप्याच्या तालावर गुडघे वाकवून रात्र-रात्र नाचले. त्यांना आपण काय शिकवणार? पण मुलं कामाला वसई-भिवंडीला जातात, आजी ओटीवर बसून राहते आणि मांड्या झपाट्याने उतरतात.

वयानुसार स्नायू झिजण्याला ‘सार्कोपेनिया’ हे नाव मिळालं १९८९ मध्ये. पुढच्याच वर्षी बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातला प्रयोग प्रसिद्ध झाला. नव्वदीतल्या मोजक्या मंडळींनी आठ आठवडे पायांनी वजनं उचलली. ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. नव्वदीत!

पण व्यायामाचा परिणाम स्नायूंपुरता थांबत नाही; मला जास्त मजा वाटते आतड्याची. नाचणी, कुळीथ, उडीद यांतला चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट बनतं. मोठ्या आतड्याच्या अस्तराचं हे मुख्य इंधन. २०१८ च्या इलिनॉय विद्यापीठाच्या अभ्यासात आहार न बदलता सहा आठवड्यांच्या व्यायामाने ब्युटिरेट वाढलं, मुख्यतः सडपातळ लोकांत. व्यायाम सुटला, तशी वाढही ओसरली. हे लोक तरुण होते. वृद्धांवरचे पुरावे अजून तोकडे आहेत. स्नायूंबद्दल मात्र शंका नको.

नुसत्या भाकरीवर स्नायू बनत नाहीत. उडदाचं वरण, अंडं, सुकट हवंच. घरच्या आजी-आजोबांना आजपासून खाटेच्या कडेवरून हाताचा टेकू न घेता दहा वेळा उठायला-बसायला सांगा. तोल जात असेल तर शेजारी उभे राहा. छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर आधी आरोग्य केंद्रात दाखवा.