अपेंडिक्सचा दाह आणि रक्तातल्या खुणा

अपेंडिक्स, म्हणजेच आंत्रपुच्छ, ही मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला जोडलेली, एका टोकाला बंद असलेली बारीक नळी. कडक झालेल्या मळाच्या खड्याने किंवा सुजलेल्या लसिका-ऊतीने तिचे तोंड बंद होते, तेव्हा आतला स्राव साचतो आणि दाब वाढतो. त्या दाबाखाली आधी शिरा दबतात, मग रक्तपुरवठाच तोकडा पडतो आणि आतले जिवाणू भिंतीत शिरतात. दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांनी उजवीकडे खाली सरकते. १८८६ मध्ये बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी या आजाराचे मूळ अपेंडिक्समध्येच असल्याचे ठामपणे मांडले. तेव्हापासून डॉक्टरांपुढचा प्रश्न बदललेला नाही: हे दुखणे खरोखर अपेंडिक्सचेच आहे का, आणि असेल तर ते फुटण्याच्या बेतात आहे का?

याचे उत्तर शोधताना रक्ताची मदत घेतली जाते. पहिली खूण पांढऱ्या पेशींची. त्यांची संख्या एरवी घनमिलिमीटरला साधारण ४,००० ते ११,००० असते; दाहात ती वाढते आणि त्यात न्यूट्रोफिल पेशींचे प्रमाण चढते. अल्फ्रेडो अल्वाराडो यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या दहा गुणांच्या मोजपट्टीत तीन गुण या पेशींचेच आहेत. गरोदरपणात मात्र पांढऱ्या पेशी एरवीही वाढलेल्या असतात, त्यामुळे तिथे हा आकडा जपून वाचावा लागतो.

दुसरी खूण सीआरपी. न्यूमोनिया झालेल्या रुग्णांच्या रक्तात १९३० मध्ये सापडलेले हे प्रथिन इंटरल्यूकिन-६ या संदेशवाहकाच्या इशाऱ्यावर यकृत तयार करते. त्याला वेळ लागतो: पातळी सहा-आठ तासांनी चढू लागते आणि सुमारे दोन दिवसांनी शिखर गाठते. म्हणूनच दुखणे सुरू झाल्यावर लगेच काढलेल्या रक्तात सीआरपी नॉर्मल आले, तर त्यावरून निश्चिंत होणे धोक्याचे. काही तासांनी पुन्हा केलेली चाचणी एकट्या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक सांगते. अहवालातले एककही पाहिले पाहिजे: काही लॅब लिटरमागे मिलिग्रॅम लिहितात, काही डेसिलिटरमागे, आणि दोन्हींत दहापटीचा फरक पडतो. अपेंडिक्स फुटले किंवा सडू लागले की सीआरपी बरेच चढते, बिलिरुबिनही वाढू शकते. प्रोकॅल्सिटोनिन साध्या दाहात फारसे कामाचे नाही; गुंतागुंत झाली असेल तर त्याचा उपयोग होतो.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस ही याच घडामोडीची रासायनिक बाजू. जिवाणूंवर तुटून पडलेला न्यूट्रोफिल एकदम भरपूर ऑक्सिजन खेचतो, एका विकराच्या साहाय्याने त्यापासून सुपरऑक्साइड बनवतो, आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. पुढे मायलोपेरॉक्सिडेज हा विकर त्यापासून हायपोक्लोरस आम्ल बनवतो, म्हणजे ब्लीचमधल्याच जातीचे जंतुनाशक. हा विकर मुळातच हिरवट रंगाचा. पुवाला हिरवी छटा येते ती त्याच्यामुळे. पण ही अस्त्रे शत्रू आणि आपला यांत भेद करत नाहीत. पेशींच्या आवरणातली मेदाम्ले त्यांच्या माऱ्याने तुटतात आणि मॅलोनडायअल्डिहाइड उरते. त्याच वेळी ग्लुटाथायोन, सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज हे शरीराचे रक्षक खर्ची पडत असतात.

प्रयोगशाळेत मॅलोनडायअल्डिहाइड थायोबार्बिट्युरिक आम्लासोबत तापवले की गुलाबी रंग येतो आणि त्याची गडदता ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजतात. चाचणी देखणी आहे, पण रक्तातले इतरही काही पदार्थ तसाच रंग देतात. एकूण ऑक्सिडंट आणि एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता किंवा थायोल-डायसल्फाइड समतोल मोजण्याच्या पद्धती तुर्कस्तानात विकसित झाल्या, आणि अपेंडिसायटिसच्या रुग्णांवर त्या वापरून पाहिल्या गेल्या आहेत. अडचण दुहेरी आहे. मधुमेह, धूम्रपान, पित्ताशयाचा दाह अशा कितीतरी कारणांनी हे आकडे हलतात. शिवाय नमुना काढताना तांबड्या पेशी फुटल्या किंवा तो बराच वेळ तसाच राहिला तरी निकाल बिघडतो. त्यामुळे दाह कसा पसरतो हे समजून घ्यायला या खुणा मोलाच्या असल्या, तरी आपत्कालीन विभागात निर्णय घेताना अजून आधार आहे तो डॉक्टरांच्या तपासणीचा, पांढऱ्या पेशींचा, सीआरपीचा आणि सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनचा.