कोळी आणि विंचू

आपल्या निडीत घर कौलाचे असो की स्लॅबचे, कोपऱ्यात कोळी असायचाच. भिंतीवर तळहाताएवढा चपटा कोळी दिसला की घरचे ओरडतात, "मारा, विषारी आहे!" विष आहे खरे. पण ते झुरळापुरते. हा कोळी जाळे विणीत नाही. रात्री हिंडून झुरळे धरतो. पोटाशी पांढरी टिकली दिसली तर ती अंड्यांची पिशवी. हाताखाली दाबला गेला तर चावेलही. थोडे दुखेल, सुजेल, मग उतरेल. माणूस त्याने मरत नाही.

विंचू हा कोळ्याचाच भाऊबंद. दोघांना आठ पाय. पण विंचवाची गोष्ट निराळी. अंधारात काही चावले की "कोळी असेल" म्हणून लोक स्वस्थ बसतात, ते वाईट. तांबड्या विंचवाचे विष हृदयावर जाते. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, असे झाले की मांत्रिक नको, दवाखाना गाठा. लहान मूल असेल तर याचीही वाट पाहू नका. आपल्याच जिल्ह्यात महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरची प्राझोसीन ही गोळी विंचूदंशावर वापरून दाखविली. पूर्वी असे रोगी पुष्कळ दगावत. आता वेळेवर पोचलेला बहुधा वाचतो.

विंचू लाकडांत, गोवऱ्यांत, दगडांखाली बसतो. चप्पलही झटकूनच घालावी.