मोटारीच्या चाकामागील रबरी बूट : निगा व बदल

खाजगी मोटारीस पंधरा वर्षे पूर्ण झाली म्हणजे तिची नोंदणी पुढे चालू ठेवण्यासाठी परिवहन कार्यालयाकडे नमुना २५ मध्ये अर्ज करून मोटार तपासणीस न्यावी लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ही मुदत एका वेळी पाच वर्षे वाढवून मिळते. कृष्णाकाठच्या एका ऊस बागायतदाराने २०१० मध्ये नोंदलेली आपली लहान मोटार २०२५ साली अशा तपासणीस नेली. एंजिन निर्दोष होते, ब्रेक व दिवे ठीक होते. तरी मोटार नापास होऊन परत आली. डाव्या पुढच्या चाकामागील रबरी बूट फाटला असून त्यातील ग्रीस चाकाच्या आतील अंगास व वरच्या पत्र्यावर उडाले आहे, ते दुरुस्त करून मोटार पुन्हा दाखवावी, असे तपासनीसाने सांगितले.

वृद्ध वडिलांना दर पंधरवड्यास तालुक्याच्या रुग्णालयात नेण्यासाठी घरात हीच एक सोय होती, आणि नोंदणीची मुदत संपण्यास थोडेच दिवस उरले होते. अशा वेळी सल्लागारांची वाण पडत नाही. शेजाऱ्याने सांगितले, रॉकेलने सारे पुसून घ्या व मोटार पुन्हा दाखवा. दुसऱ्याने मोटार मोडीत काढण्यास सुचविले. सुटे भाग विकणाऱ्याने दोन्ही बाजूंचे आस पूर्ण नवे घालण्याचा आग्रह धरला. यांपैकी पहिला सल्ला धोक्याचा होता, दुसरा उतावळेपणाचा होता, आणि तिसरा अर्धाच खरा ठरला.

पूर्वीच्या मोटारींत हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. कुर्ल्यास तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसारख्या मोटारींत एंजिन पुढे असले तरी जोर मागच्या चाकांना मिळे. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्याच चाकांना जोर देणाऱ्या लहान मोटारी गावोगाव दिसू लागल्या. अशा मोटारीत पुढच्या चाकांना तिहेरी काम पडते. ती फिरत असतात, खड्ड्यांत वरखाली होत असतात आणि वळणावर तिरपीही होतात. म्हणून गिअरपेटीपासून चाकापर्यंत जाणाऱ्या प्रत्येक दांड्यास दोन सांधे असतात. चाकाकडील सांध्यात बहुधा सहा पोलादी गोळ्या खाचांतून सरकतात. गिअरपेटीकडील सांधा थोडा आतबाहेरही होतो. कारागीर या दांड्यास ‘एक्सल’ आणि सांध्यावरील आवरणास ‘बूट’ म्हणतात. बुटाला लोहाराच्या भात्यासारख्या घड्या असतात. दोन्ही बाजूंचे मिळून असे चार बूट मोटारीखाली असतात.

बैलगाडीच्या आखाला वंगण देण्यासाठी गाडीखाली नळा टांगलेला असे व गाडीवान वेळोवेळी वंगण घाली. ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ. शाफ्टच्या सांध्यांनाही निपलमधून ग्रीस भरता येते. मोटारीच्या या सांध्यास निपल नसते. कारखान्यात भरलेले ग्रीस बूट शाबूत असेतोपर्यंतच आत राहते. बूट फाटला की चाकाच्या फिरण्याने ते बाहेर फेकले जाते व त्याच वाटेने चिखल आत शिरतो. आपल्याकडील रस्त्यांवरची खडीची भुकटी ग्रीसमध्ये मिसळली म्हणजे ती कानशीचेच काम करते. खाचा झिजतात, गोळ्या सैल पडतात आणि स्टीअरिंग पूर्ण वळवून मोटार हाकली असता ‘कट् कट्’ असा आवाज येऊ लागतो. पुढे सांधा तुटल्यास एंजिन चालू राहते, परंतु मोटार जागची हलत नाही. कारण एका बाजूचा दांडा सुटला की दुसऱ्या बाजूच्या चाकासही जोर मिळत नाही. रात्री रुग्णालयाच्या वाटेवर असे झाल्यास काय ओढवेल, हे निराळे सांगावयास नको. रॉकेलने पुसल्याने यातले काहीच टळत नाही. उलट रॉकेलमुळे रबर लवकर खराब होते.

तालुक्याच्या कारागिराने प्रथम मोटार मोकळ्या मैदानात दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून सावकाश फिरविली. डावीकडून आवाज आला, उजवीकडून आला नाही. नंतर चाके पूर्ण वळवून बुटाच्या घड्या उघड्या केल्या व विजेरीने पाहिल्या. डावा बूट आरपार फाटला होता. उजव्याच्या घड्यांत भेगा होत्या, पण ग्रीस बाहेर आले नव्हते. बूट फाटूनही सांधा बिनआवाजी असेल व आतील ग्रीस स्वच्छ असेल तर सांधा धुऊन केवळ बूट बदलणे पुरते. ग्रीस चिमटीत चोळल्यावर खर लागली, किंवा धुतल्यावर खाचांत खड्डे दिसले, तर नवा बूट घालणे म्हणजे पैसे वाया घालविणे होय. येथे डाव्या सांध्याच्या खाचांत नखाला लागतील असे खड्डे आढळले. दोन पावसाळे तो आवाज ऐकत होतो, असे मालकाने तेव्हा कबूल केले. त्या मोटारीत चाकाकडील सांधा दांड्यावरून सुटा होत नसल्याने डावा आस नवा घालावा लागला. उजवीकडे मात्र बुटावरच भागले, आणि दोहोंच्या खर्चातील तफावत मालकास चांगलीच जाणवली.

कामाची रीत पाहण्यासारखी आहे. चाकाच्या मध्यावरील मोठे नट मोटार जमिनीवर असतानाच सैल करावे. मागील चाकांस दगड लावून पुढची बाजू जॅकने उचलावी व खाली भक्कम घोडी द्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर मोटारीखाली शिरू नये. खालचा बॉल जॉइंट सोडवून चाकाचा हब बाहेर ओढला की दांडा मोकळा होतो. तो गिअरपेटीतून काढताना आतील तेल सांडते, म्हणून खाली परात ठेवावी. सांधा सुटा करण्यापूर्वी त्याच्या भागांवर रंगाने खुणा कराव्यात व ते त्याच स्थितीत परत जोडावेत. धुतलेले पोलादी भाग पूर्ण कोरडे करावेत, कारण उरलेल्या रॉकेलाने नवे ग्रीस पातळ होते. नवा बूट रॉकेलात धुऊ नये.

ग्रीसच्या बाबतीत पुष्कळ ठिकाणी चूक होते. बुटाच्या संचासोबत ग्रीसची पुडी येते. चाकाकडील सांध्यासाठी बहुधा मोलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले काळे ग्रीस असते. पुडीतील सर्व ग्रीस वापरावे. ट्रॅक्टरसाठी घरात ठेवलेले साधे ग्रीस त्याच्या जागी चालत नाही. बुटाची लहान बाजू दांड्यावरील खाचेत नेमकी बसवावी. क्लिप आवळण्यापूर्वी बुटाची कड किंचित उचलून आत कोंडलेली हवा जाऊ द्यावी, म्हणजे बूट फुगत नाही किंवा पिचकत नाही. क्लिपच्या जागी तार किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधण्याची सवय सोडावी. तार रबरात रुतून बूट कापते आणि पट्टी सैल पडते.

हबचे नट व स्प्लिट पिन नवीन घालावी. नट टॉर्क पान्याने, त्या मोटारीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापापर्यंत आवळावे. पाइपाचा जोर लावून आवळण्यात पुरुषार्थ नाही. त्याने चाकाचे बेअरिंग जाते. शेवटी गिअरपेटीतील तेलाची पातळी पाहून कमी असल्यास भर घालावी.

आठवड्याने ती मोटार पुन्हा तपासणीस गेली आणि उत्तीर्ण झाली. महिन्याभराने कारागिराने चारही क्लिपा पाहिल्या. एक किंचित सरकली होती, ती बदलली. मृगापूर्वी औते व अवजारे दुरुस्तीस काढली की तो बागायतदार आता मोटारीची चाकेही वळवून ठेवतो आणि घरातील मुलाला विजेरी देऊन चारही बुटांच्या घड्या पाहावयास लावतो. जुन्या सांध्यातून निघालेले काळे ग्रीस व गिअरपेटीचे तेल त्याने झाकणाच्या डब्यात भरून मोटार दुरुस्तीच्या दुकानात जमा केले, विहिरीच्या आसपास सांडू दिले नाही.