धनी बदलला, पुढे काय?

जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजार पंचक्रोशीबाहेरही नावाजलेला. सौदा ठरतो, पैसे मोजले जातात आणि बैलाचा धनी बदलतो. बैलाला कुणी विचारत नाही. आपली कंपनी विकली गेल्याचे कळले, की नोकरदाराला आणि त्याच्या घरच्यांना असेच वाटू लागते. घराचे हप्ते, मुलांच्या फिया, वीस वर्षांची नोकरी, सारेच अधांतरी!

पण कायदा माणसाला बैल मानत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात पुढे '२५ एफएफ' हे कलम आले. कारखाना दुसऱ्याच्या मालकीचा झाला, तर वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला नोटीस आणि भरपाई द्यायची. भरपाई म्हणजे दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. ती टाळायची, तर नव्या मालकाने नोकरी सलग धरायची, अटी पूर्वीपेक्षा वाईट करायच्या नाहीत आणि उद्या कपात केलीच, तर जुनी वर्षेही मोजायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. हे तत्त्व तिच्यातही आहे. फिलिप्सच्या कामगारांच्या खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की संमतीवाचून कामगाराला दुसऱ्या व्यवस्थापनाखाली जुंपता येत नाही.

बँकांची तऱ्हा वेगळी. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक ऑक्टोबर २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली. अडचणीतल्या बँकांच्या अशा विलीनीकरणासाठी १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्यात कलम ४५ आहे. त्यानुसार सामावून घेतलेल्यांचा जुना पगार आणि अटी चालू ठेवायच्या. पात्रता व अनुभव समान असेल, तर तीन वर्षांच्या आत नव्या बँकेतल्या त्याच हुद्द्याच्या बरोबरीला आणायचे.

पळवाटा मात्र आहेत. कामगार कायद्याचे हे संरक्षण 'कामगारा'ला. व्यवस्थापकाला आपल्या नेमणूकपत्राचाच आधार. नुसते शेअर हातबदल झाले, तर कंपनी तीच राहते, म्हणून ही भरपाई नाही. पण नोकरीही तुटत नाही.

खरा धोका एका साध्या कागदात असतो: 'राजीनामा द्या, नव्याने रुजू व्हा.' त्या सहीने मागची सारी वर्षे धोक्यात येतात. बँकेत आयुष्य काढलेला माणूस म्हणून सांगतो, असा कागद आधी घरी आणा, जाणकाराला दाखवा. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, भविष्यनिर्वाह निधीचे कागद जपून ठेवा. नव्या मालकाला तुमचा घाम ठाऊक नसतो. तो कागदावरची वर्षेच मोजतो.