निळें जाकीट कोणाचें?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं आपल्या गांवीं तरुणांचें एक मंडळ काढण्याचें मनांत आणिलें, व नियमांचा कच्चा मसुदा तपासण्यासाठीं आमच्याकडे दिला. नियम एकंदर अकरा होते. त्यांपैकीं सात टोपीचा रंग, सदऱ्याचें कापड, बिल्ला इत्यादि गोष्टींसंबंधीं होते. सभासद कोणीं व्हावें याविषयीं मात्र एकच ओळ होती: “गांवांतील कोणाही होतकरू मुलास सभासद होतां येईल.” आम्हीं शुद्धलेखन तपासलें, परंतु त्या ओळीपाशीं थांबलों. ‘मुलास’ या शब्दांत मुली येतात काय? गणवेश शिवण्याची ज्याच्या घरीं ऐपत नाहीं, त्याला ‘होतकरू’ म्हणावयाचें कीं नाहीं? हे प्रश्न आजचे नाहींत. आमच्याहून पुष्कळ मोठ्या अशा एका संघटनेस ते सोडवितां सोडवितां चाळीस वर्षें लागलीं. ती हकीकत आमच्या विद्यार्थिमित्रांनीं ऐकण्यासारखी आहे.

ही संघटना अमेरिकेंतील होय. सन १९१७ मध्यें तेथील सरकारनें स्मिथ-ह्यूज कायदा करून सार्वजनिक शाळांतून शेतकी शिकविण्यास पैसा देऊं केला. अशा वर्गांतील मुलांस आपल्या धंद्याचा अभिमान वाटावा व चारचौघांत उभें राहून बोलतां यावें, या हेतूनें १९२८ च्या नोव्हेंबर महिन्यांत मिसूरी राज्यांतील कॅन्सस सिटी येथें, अठरा राज्यांतून आलेल्या तेहतीस प्रतिनिधींनीं ‘फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका’, म्हणजे ‘अमेरिकेचे भावी शेतकरी’, ही संघटना स्थापिली.

सभासदत्वाची मुख्य अट साधी आहे. शाळेच्या शेतकीच्या वर्गांत नांव पाहिजे. घरीं जमीन असलीच पाहिजे असें नाहीं. परंतु केवळ नांव घालून पुढें जातां येत नाहीं. पहिली पायरी चढण्यासाठीं विद्यार्थ्यास शिक्षकांच्या देखरेखीखालीं स्वतःच्या एखाद्या कामाची योजना आखावी लागते. कोणी वासरूं वाढवितो, कोणी भाजीचा मळा करितो, कोणी दुसऱ्याच्या शेतावर राबून चार पैसे मिळवितो व त्यांचा हिशेब ठेवितो. अशा मुख्य पायऱ्या चार आहेत. पहिलीची खूण काशाच्या रंगाची, दुसरीची रुपेरी आणि वरच्या दोहोंची सोनेरी असते.

आतां पोशाखाकडे वळूं. १९३३ सालीं ओहायो राज्यांतील फ्रेडरिकटाउन या गांवचीं मुलें निळ्या कॉर्डरॉयचीं जाकिटें घालून वार्षिक अधिवेशनास आलीं. कॉर्डरॉय म्हणजे उभ्या रेघांचें जाड व टिकाऊ कापड. त्यांचे शिक्षक लिंटनर यांनीं तीं जाकिटें मुद्दाम करवून घेतलीं होतीं. प्रतिनिधींस तीं इतकीं आवडलीं कीं, साऱ्या संघटनेचा तोच पोशाख ठरला. जाकिटाच्या पाठीवर मध्यभागीं बोधचिन्ह, त्यावर राज्याचें नांव व खालीं शाखेचें नांव, आणि समोर छातीच्या उजव्या बाजूस सभासदाचें नांव असतें. चिन्हांत मक्याच्या कणसाचा आडवा छेद, उगवता सूर्य, नांगर, गरुड व घुबड आहे. घुबड आपल्याकडे अशुभ मानितात. तेथें तें ज्ञानाची खूण आहे.

जाकिटाबरोबर पांढरा सदरा, काळी विजार किंवा काळा स्कर्ट, काळे बूट आणि गळ्यांत निळा टाय अथवा स्कार्फ असा बेत असतो. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढलेली पाहिजे. दुसऱ्या संस्थेचें चिन्ह त्यावर लावूं नये. नांवाखालीं तीनांहून अधिक पदकें मिरवूं नयेत. सभासदाखेरीज इतरांनीं तें घालूं नये, आणि सभासदास जेथें जाणें शोभत नाहीं तेथें त्यानें तें घालून जाऊं नये. या नियमांचें मर्म ध्यानांत घ्यावें. ज्याच्या पाठीवर गांवाचें नांव आहे, त्याच्या वागणुकीचा जाब गांवास द्यावा लागतो. आणि ज्यानें दहा पदकें मिळविलीं तोही तीनच लावून इतरांच्या रांगेंत उभा राहतो.

परंतु रांगेंत उभें राहण्यास आधीं रांगेंत प्रवेश मिळाला पाहिजे. १९३० च्या अधिवेशनांत सभासदत्व केवळ मुलग्यांपुरतें ठरविण्यांत आलें. दक्षिणेकडील राज्यांत तर गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळा कायद्यानेंच निराळ्या होत्या. म्हणून शेतकी शिकणाऱ्या काळ्या मुलांची ‘न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका’ ही वेगळी संघटना १९३५ सालीं अलाबामांतील टस्कीगी येथें स्थापन झाली. वीणा गवाणकर यांचें ‘एक होता कार्व्हर’ हें पुस्तक ज्यांनीं वाचिलें आहे, त्यांस टस्कीगी परकें वाटणार नाहीं. कार्व्हर त्या वेळीं तेथेंच काम करीत होते. या मुलांच्या चिन्हांत मक्याऐवजीं कापसाचें बोंड होतें आणि रंग काळा व सोनेरी होते. काम तेंच, शेत तेंच, पण जाकीट निराळें!

१९६५ सालीं दोन्ही संघटना एक झाल्या. दार उघडलें खरें. परंतु कापसाचें बोंड, काळीं जाकिटें व जुनें नांव हीं सारीं मावळलीं. आंत येणाऱ्यांनींच आपलें निशाण बाहेर ठेवावें, असा तो सौदा झाला. मुलींस देशव्यापी सभासदत्वाचा हक्क मिळण्यास १९६९ साल उजाडावें लागलें. पुढें १९८२ सालीं जॅन एबर्ली ही मुलगी राष्ट्रीय अध्यक्ष झाली, आणि १९९४ सालीं शिकागो शहरांतील कोरी फ्लोर्नॉय हा पहिला कृष्णवर्णी अध्यक्ष झाला. आज ज्या सभासदास जाकीट घेणें परवडत नाहीं, त्यास देणग्यांतून तें पुरविण्याचीही सोय आहे.

ही हकीकत आम्हीं आमच्या मुलांस सांगितली व मसुदा परत केला. आठ दिवसांनीं तो पुन्हां आला. ‘मुलास’ या शब्दाच्या जागीं ‘मुलास अगर मुलीस’ असें झालें होतें. गणवेशाचे सात नियम जाऊन बिल्ल्याचा एकच उरला होता, आणि बिल्ला मंडळाच्या खर्चानें मिळावयाचा होता. आम्हीं शाबासकी दिली. तेव्हां मागें उभा असलेला एक विद्यार्थी हळूच म्हणाला, “सर, नियम चांगले झाले, पण बैठक पारावर भरते. आमच्या वस्तीचीं माणसें तेथें बसत नाहींत.”

त्यावर सारे गप्प झाले. नियमांत कोठेंही न लिहिलेली ती अट होती, आणि ती कोणाच्याही ध्यानांत आली नव्हती. शेवटीं मुलांनींच ठरविलें कीं, बैठक शाळेच्या पटांगणांत भरवावी, व पहिल्या बैठकीचें निमंत्रण घरोघर जाऊन द्यावें. त्या वस्तीपासून आरंभ करावा.

मंडळें काढणाऱ्या आमच्या तरुण मित्रांस आमचें इतकेंच सांगणें आहे: टोपीचा रंग मागाहून ठरवा. आधीं गांवांतून एक फेरी मारा, आणि कोणत्या दारीं तुम्हांस अजून कोणी पाठविलें नाहीं तें पाहून या.