खाडी सरकते, इमारत मात्र जागेवरच!

निसर्ग पर्यटन म्हटले की आपल्या नियोजनकारांना आधी इमारत आठवते. काचेच्या भिंती, फरशीचे अंगण, गाड्यांचा तळ आणि फीत कापणारा पाहुणा! खाडी आठवते ती सर्वांत शेवटी.

ठाणे खाडीचेच पाहा. 2015 साली तिथले सुमारे 1,690 हेक्टर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाले. 2017 मध्ये ऐरोलीला जैवविविधता केंद्र सुरू झाले, 2022 मध्ये खाडीला रामसर दर्जा मिळाला. मान मोठा आहे. पण ही जागा स्थिर नाही. गाळ साचतो, तिवरे चिखलपट्टीवर पुढे सरकतात, फ्लेमिंगोच्या चरण्याची उघडी जागा बदलते. त्यात समुद्राची पातळी वाढते आहे. अशा किनाऱ्यावर काँक्रीट ओतणे हे कुठले शहाणपण?

यापुढे किनाऱ्यावर जे पर्यटक केंद्र होईल, त्याची मुख्य इमारत कांदळवनापासून दूर, उंच जमिनीवर असावी. कांदळवनाभोवती 50 मीटरच्या आत बांधकामाला मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्येच मनाई केली आहे. पाहणीसाठी खांबांवर फळ्यांची वाट हवी; खालून भरती-ओहोटी मोकळी वाहिली पाहिजे. जोड नटबोल्टचे असावेत, म्हणजे किनारा हलला की वाट उचलून नेता येईल. सांडपाण्याचा थेंबही खाडीत जाता कामा नये. फेरीची वेळ घड्याळाने नव्हे, भरतीने ठरावी.

आणि भरती कोणाला कळते? पिढ्यान्पिढ्या खाडीत होडी घालणाऱ्या कोळ्याला! आज त्याच्या जाळ्यात मासळीबरोबर प्लास्टिकही येते. त्याच्या वाट्याला केंद्रात फक्त पहारा आणि झाडूच यायचा का? आराखडा ठरवणाऱ्या समितीत त्याला घ्या, वाटाड्या म्हणून पगार द्या, तिकिटाच्या उत्पन्नात वाटा द्या. नगरपालिका शाळेतल्या मुलांना प्रवेश मोफत ठेवा. नाहीतर हे केंद्र गाडीवाल्यांची सहलच ठरेल.

ही भीक नव्हे, हा कायदा आहे. उपजीविका हा कलम 21 मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सांगितले. कांदळवनाचा नाश हा त्याच कलमाचा भंग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये म्हटले. एकाच कलमाच्या सावलीत तिवरही आहे आणि कोळीही. एकाला वाचवण्याच्या नावाखाली दुसऱ्याला हुसकावणारा आराखडा घटनेला मान्य नाही, आम्हालाही नाही.